रोशव्हालचे एकोणीस थर

रोशव्हालच्या दगडखाणीत फेरेओल ग्रापँइतका खरा माणूस दुसरा नव्हता, आणि या खरेपणाचा सगळ्यात मोठा तोटा त्याला स्वतःलाच झाला. खोटं बोलणाऱ्याचा शब्द लोक दोनदा तपासून घेतात. फेरेओलचा शब्द कधी कुणी तपासलाच नाही. घात झाला तो तेवढ्यानंच.

खाण गावामागच्या डोंगराला लागून होती. उभी भिंत, आणि भिंतीत एकावर एक रचलेले चुनखडीचे एकोणीस थर. आमच्याकडे प्रत्येक थराला नाव होतं. घणाचा घाव बसला तरी जिच्यातून आवाज निघत नाही ती ‘बहिरी’. बारा महिने जिच्या अंगातून पाणी झिरपतं ती ‘रडकी’. छिन्नी एकीकडे लावावी आणि जी भलतीकडेच फुटते ती ‘सवत’. फेरेओलचे डोळे बांधून कुठलाही तुकडा हातात द्या, तो अंगठा फिरवायचा, फार तर जिभेचं टोक लावायचा, आणि थर सांगायचा. रविवारी गुत्त्यात यावर पैजा लागत आणि त्याच्याविरुद्ध पैज लावायला शेवटी कुणी उरलं नाही.

“काय रे फेरेओल, अंधारात बायकोही अंगठ्यानंच ओळखतोस का?” कुणीतरी हमखास विचारायचं.

“अंगठा लावला की चिमटा बसतो. त्यावरून ओळखतो,” तो शांतपणे म्हणायचा, आणि त्याची बायको देझिरे शेजारच्या बाकावरून तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसायची.

मस्यू, म्हणजे साहेब, व्हेर्नरे पहिल्यांदा आले ते सम्राटाच्या राजवटीत, एका वसंतात. खालच्या शहरातल्या घड्याळजीचा हा थोरला मुलगा. बापाचं चालतं दुकान सोडून यानं दगडांमागे लागायचं ठरवलं, म्हणून बापानं डोक्याला हात लावला होता. हातात छोटा हातोडा, खांद्याला हिरवी झोळी, काखेत छत्री. दगडातले वेटोळ्यांचे शंख आणि शिंपले गोळा करायचे, आणि कुठला जीव कुठल्या थरात मिळतो ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. आमच्या माणसांना ते काम म्हणजे शुद्ध रिकामटेकडेपणा वाटला. खाणीत असले शंख पायाखाली यायचे आणि चिऱ्याची फट वाकडी गेली की त्यांच्या नावानं शिव्या बसायच्या. मस्यू मात्र तेच हातात घेऊन खिशातल्या रुमालानं पुसत.

फेरेओल आणि त्यांचं जमलं. का जमलं ते सांगता येत नाही. दोघंही कमी बोलणारे, दोघांनाही दगड आवडायचा. मस्यू वर्ष-दीड वर्ष येत राहिले, स्वतःच्या हातानं चारशे-साडेचारशे दगड त्यांनी काढले, आणि एक दिवस म्हणाले, “फेरेओल, मी लांब निघालोय. आधी अल्जीरिया, मग पुढे. कधी परत येईन ठाऊक नाही. माझ्यामागे तू शंख काढशील? थर तेवढा दगडावर लिहून ठेव.”

“लिहू कसा, मस्यू? मला अक्षर येत नाही. आकडे येतात. चिऱ्यांवर घालायला शिकलो होतो.”

“मग आकडाच घाल. उलट तेच बरं. ‘सवत’ आणि ‘रडकी’ पॅरिसमध्ये कुणाला कळणार? एकोणीस थर, एकोणीस आकडे.”

मस्यू काही बेफिकीर माणूस नव्हते. त्यांनी खात्री करून घेतली. भिंतीसमोर उभं करून विचारलं, “दाखव पाहू, दहावा कुठला?”

फेरेओलनं शिडीवर चढून ‘रडकी’वर तळहात ठेवला. मस्यूंनी मनात मोजलं, मान डोलावली. “बरोबर. झालं तर मग, आपलं जमलं.”

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं. जमिनीखालचा अभ्यास करणारे लोक खालून मोजतात. जो थर सगळ्यात तळाशी तो सगळ्यात आधी साचला, म्हणून तो पहिला. आणि दगड फोडणारी माणसं वरून मोजतात. गवत खरवडलं, माती ओढली, की पहार ज्याला पहिल्यांदा लागते तो पहिला. ज्याच्या त्याच्या जागी दोघांचंही बरोबर. एकोणीसमधला दहावा मात्र वरूनही दहावाच येतो आणि खालूनही दहावाच. मस्यूंनी नववा विचारला असता, अकरावा विचारला असता, तर तिथल्या तिथे दोघंही हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. त्यांनी नेमका मधला विचारला. खातरजमा करणारा माणूस मधोमध बोट ठेवतो, यात त्यांचं काय चुकलं?

मस्यू गेले. फेरेओल खाणीतलं काम संपलं की रोज तासभर शंख सोडवत बसायचा. भोवतीचा दगड इतका स्वच्छ उतरवायचा की नुसता शंख उरायचा, आणि मग ब्रशनं लाल आकडा. खोकी भरली की गाडीवानाबरोबर खालच्या शहरात मस्यूंच्या घरी जात आणि तिथं बंदच पडून राहत. सोबतचे कामगार टोमणे मारत. “फेरेओल, तुझ्या गोगलगायींना आज चारा-पाणी केलंस का?” तो म्हणायचा, “तुझ्यापेक्षा कमी खातात.”

मस्यूंची पत्रं वर्षाला एक-दोन येत. शाळामास्तर ती वाचून दाखवी. अल्जीरियाच्या वाळूत मिळालेले मासे, तांबड्या समुद्रावरची उष्णता, मग कुठलीशी लांबची बेटं, न्यू कॅलेडोनिया, जिथं डोंगरच्या डोंगर हिरव्या दगडाचे. तिथं तापानं सहा महिने अंथरुणात काढले, तर तेही दोन ओळींत. शेवटी नेहमी एकच वाक्य: ‘फेरेओल, तुझे आकडे माझा जीव आहेत.’ ते वाक्य मास्तर दोनदा वाचायचा, कारण फेरेओल तसं सांगायचा नाही, पण त्याच्या तोंडावर दिसायचं.

मधल्या काळात फेरेओलची मुलगी क्लेरिस गेली. सहा वर्षांची होती. घटसर्प. चार दिवसांत आटोपलं. एकच मूल, तेही लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं. देझिरेनं नंतर दोन वर्षं घरात गाणं म्हटलं नाही आणि फेरेओल खाणीत जेवायच्या सुट्टीतही बसेना, दगडच फोडत राही.

प्रशियाशी लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी मस्यू परत आले. चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस, पण दाढी पांढरी, अंग सुकलेलं. घरी जाऊन त्यांनी बारा वर्षांची खोकी उघडली. लाल आकडे ओबडधोबड होते, म्हणून एका नोटरीच्या कारकुनाला बसवून ते पुसून घेतले आणि प्रत्येक दगडावर पांढऱ्या ठिपक्यावर सुरेख काळा आकडा घालून घेतला. स्वतः काढलेले आणि फेरेओलनं पाठवलेले, सगळे मिळून अकराशे दगड, आकड्यांप्रमाणे एकाच कपाटात. आणि मग त्यांना ते दिसलं.

एकदम वेडे होऊन ते रोशव्हालला धावत आले. फेरेओलच्या स्वयंपाकघरात बसले, देझिरेनं पुढे ठेवलेला मक्याचा घाटा तसाच निवत ठेवला आणि बोलत सुटले.

“तुला सांगतो फेरेओल, सगळे विद्वान म्हणतात की एखादा जीव जगातून एकदा गेला की कायमचा गेला. पण तुझे दगड वेगळं सांगतायत! बारीक रेघांचा शंख दुसऱ्या थरात आहे. मग वर कुठंच नाही. आणि पुन्हा अठराव्या थरात आहे! तोच! दात्यांचा शिंपला चौथ्यात, आणि परत सोळाव्यात. एक नाही, सगळे. सगळे जातात आणि सगळे परत येतात.”

फेरेओल मान हलवत ऐकत होता. चुलीशी पाठ करून उभी असलेली देझिरे वळली.

“परत येतात, मस्यू?”

“येतात, मादाम ग्रापँ. पुष्कळ काळ जातो. पण गेलेलं परत येतं. हे माझं म्हणणं नाही, तुमच्या नवऱ्याचे आकडे म्हणतात.”

मस्यूंना क्लेरिसचं ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. ते शंखांबद्दल बोलत होते. पण त्या दिवसानंतर देझिरे भांडी घासताना हळू आवाजात गुणगुणू लागली, आणि फेरेओलनं ते ऐकलं, आणि त्यालाही छातीतलं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. अडाणी माणसांनी शंखांवरून पोरीचं काय ते ठरवावं, हे हसण्यासारखं आहे. हसा. ज्यांची पोरं पुरलेली नाहीत त्यांनी जरूर हसावं.

मस्यूंनी पुस्तक लिहिलं. त्यात फेरेओलचं नाव छापलं होतं: ‘ज्याच्या शब्दावर मी माझ्या शब्दापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.’ मास्तरनं ते पान उघडून दाखवलं आणि फेरेओलनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. विद्वान मंडळी मात्र खवळली. कुणी हसलं, कुणी त्यांना बेटांवरच्या तापाची आठवण करून दिली. दोन जुने मित्र बोलेनासे झाले. शेवटी मस्यू म्हणाले, चला, खाण दाखवतो, माणूसही दाखवतो.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ते दोन मोठ्या माणसांना घेऊन आले. फेरेओलनं रविवारचा सदरा घातला होता. देझिरे आणि अर्धं गाव खाणीच्या तोंडाशी उभं होतं. मस्यू भिंतीच्या पायथ्याशी गेले, तळाच्या ‘बहिरी’वर हात ठेवून पाहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, “फेरेओल, या गृहस्थांना पहिला थर दाखव.”

फेरेओल शिडी चढू लागला.

मस्यूंना वाटलं तो काहीतरी आणायला चढतोय. तो चढतच गेला. ‘सवत’ गेली, ‘रडकी’ गेली. अगदी वर, गवताच्या मुळाशी पोचून त्यानं अभिमानानं तळहात टेकवला आणि खाली ओरडला, “हा पहिला, मस्यू!”

मग दोघांतल्या जाड्या गृहस्थानं खिशातून तपकिरीची डबी काढली आणि हसायला सुरुवात केली. त्याचं हसू थांबेचना. दुसऱ्यानं मस्यूंकडे न बघता टोपी घातली. फेरेओल वर हात टेकवून तसाच उभा होता. खाली काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण मस्यूंचा चेहरा दिसत होता, आणि तेवढा चेहरा पुरे होता. शिडी उतरायला त्याला इतका वेळ लागला की तोवर पाहुणे गाडीत बसून निघूनही गेले होते.

दुपारी दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले. मस्यूंनी समजावून सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. फेरेओलनं ऐकलं.

“मग उलटे करा,” तो म्हणाला. “विसातून माझा आकडा वजा करायचा. तेवढं मलाही येतं.”

“तुझे कुठले आणि माझे कुठले? माझे चारशे खालून मोजलेले, तुझे सातशे वरून. आकडे पुसले, नवे घातले. एकाच हातचे, सुंदर.” मस्यू हसले, आणि ते हसू बघवत नव्हतं. “म्हणूनच तर प्रत्येक जीव दोनदा दिसला. एकदा माझा, एकदा तुझा.”

“मी ओळखतो ना! मस्यू, दगड हातात द्या नुसते. अकराशे असोत नाहीतर अकरा हजार. तीन दिवसांत लावून देतो.”

“कशावरून लावशील?”

“अंगठ्यावरून.”

मस्यूंनी टेबलावरची टोपी जवळ ओढली. “फेरेओल, त्या लोकांना मी काय सांगू? आधी याच्या आकड्यांवर विश्वास ठेवला, आता याच्या अंगठ्यावर ठेवतोय?” मग उठले. दारात थांबून म्हणाले, “तू खोटं बोलला नाहीस. मला माहीत आहे.”

हे मस्यूंचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. पुढच्या वर्षी ते पुन्हा त्या लांबच्या बेटांकडे निघाले आणि वाटेतच, जहाजावर, ताप उलटून गेले. वर्षभर पत्र नव्हतं. मग मास्तरनं वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्यातल्या एका ओळीत त्यांच्या पुस्तकाची थट्टा होती. मास्तरनं ती गाळली, पण वाचताना तो अडखळला आणि फेरेओलच्या ते लक्षात आलं.

त्यानंतर एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. दगड लावायचे. मस्यू गेले, पण दगड आहेत. ते एकदा बरोबर लागले की कुणीतरी शहाणा माणूस बघेल आणि म्हणेल, व्हेर्नरे खुळा नव्हता, आकडे तेवढे उलटे होते. रविवारचा सदरा घालून तो तीन तास चालत खालच्या शहरात गेला. घर आता पुतण्याकडे होतं, घड्याळांचा व्यापार करणारा तरुण गृहस्थ. त्यानं दार अर्धंच उघडलं.

“ग्रापँ? तो खाणीवरचा ग्रापँ?”

“हो, मस्यू. मला काही नको. तीन दिवस कपाटाजवळ बसू द्या. जमिनीवर बसेन.”

“काका तुमच्यामुळे गेले,” पुतण्या म्हणाला. “तुम्ही जेवढं केलंत तेवढं पुष्कळ झालं.” आणि दार लावलं. फेरेओल दोनदा पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला दार उघडलंच नाही.

खाणीचा चांगला दगड संपत आला, मग खाण बंद पडली. फेरेओलच्या फुफ्फुसांत तीस वर्षांची धूळ होती, घण उचलवेना. त्याला सडकेवर खडी फोडायचं काम मिळालं. रस्त्याच्या कडेला पेंढ्यावर बसायचं, डोळ्यांवर जाळी बांधायची, आणि गाडीनं टाकलेला ढीग छोट्या हातोड्यानं बारीक करायचा. साठीला टेकलेला माणूस. जाणारे-येणारे हात करत, तो मान हलवी.

एका ऑक्टोबरात गाडीवानानं ढीग ओतला आणि निघता निघता म्हणाला, “हे बघ, आज तुला शिजवलेलंच जेवण आहे. शहरातलं घर विकलं, त्यातला राडारोडा. आधीच बारीक आहे.”

फेरेओलनं जाळी वर केली. वरच्याच दगडावर पांढरा ठिपका होता आणि ठिपक्यावर सुरेख काळा आकडा. अठरा.

तो ढिगाकडे बघत राहिला. मग त्यानं हातोडा बाजूला ठेवला, दगड उचलला आणि अंगठा फिरवला. ‘बहिरी’. तळाची. मग वरून मोजून आकडा एकोणीस हवा, अठरा नव्हे. मस्यूंच्या मोजणीनं एक. फेरेओल स्वतःवरच चिडला. एकोणीसऐवजी अठरा घातला होता की काय आपण? मग जीभ लावली आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. ‘बहिरी’ नव्हे, तिच्या वरची ‘राखी’. म्हातारपणानं अंगठा थोडा जाड झाला होता, एवढंच. वरून अठरावी, खालून दुसरी. आकडा खरा होता.

तीन दिवस त्यानं एकही दगड फोडला नाही. सडकेकडेच्या कोरड्या चरात एकोणीस रांगा मांडल्या, मस्यूंच्या पद्धतीनं, ‘बहिरी’ पहिली. देझिरे दुपारी भाकरीचा तुकडा आणि चीज घेऊन आली, रांगा बघितल्या, पायानं एक दगड सरळ करून गेली. काही दगड गाडीत फुटले होते, काही हरवले होते. पण नऊशेच्या वर होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा दगड जागेवर बसला आणि फेरेओल गुडघे धरून उभा राहिला.

बारीक रेघांचा शंख फक्त ‘राखी’त होता. वर कुठेच नव्हता. दात्यांचा शिंपला खालून चौथ्या रांगेत, आणि पुढे पंधरा रांगांत त्याचा मागमूस नाही. तो चरात वाकून वाकून एकेक रांग पुन्हा बघत गेला. एखादा तरी. नऊशेतला एखादा तरी परत आला असेल. मस्यू अगदी पुरतेच चुकले असतील कशावरून? त्यानं अंधारून येईपर्यंत बघितलं. मनात म्हणाला, माझा अंगठा जाड झालाय. पण अंगठा चुकत नव्हता, आणि हे त्याच्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सडकेचा मुकादम घोड्यावरून आला.

“ग्रापँ, हे काय? पोरखेळ मांडलाय? शनिवारी रोलर येणार आहे इथं.”

“मस्यू, हे बरोबर लागलेत,” फेरेओल म्हणाला. “एखाद्या शिकलेल्या माणसाला बोलवाल का? मास्तर वारले, नाहीतर मीच पत्र लिहायला सांगितलं असतं. नुसतं येऊन बघू दे. अर्धा तास.”

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं चराकडे बघितलं, रांगांकडे बघितलं, खरंच बघितलं. “कसले आहेत?”

“दगड. पण प्रत्येक आपल्या जागी आहे.”

“चांगलं आहे,” मुकादम म्हणाला. “शनिवारपर्यंत फोड.”

फेरेओलनं जाळी बांधली आणि ‘बहिरी’पासून सुरुवात केली. खालून वर, एकेक रांग. हातोडा छोटा होता आणि शंख स्वच्छ सोडवलेले होते, त्याच्याच हातचे. फुटायला वेळ लागला नाही. शुक्रवारी दुपारी ढीग तयार होता, एकसारखा, मुकादमाला नाव ठेवायला जागा नाही असा.

घरी आला तेव्हा देझिरे घाटा ढवळत होती. त्यानं दाराशी लाकडी बूट काढले आणि हात धुतले. तिनं मान वर केली नाही.

“सगळे लागले होते ना जागेवर?”

“लागले होते.”

“मग? मस्यू म्हणायचे तसं… कुणी परत आलं होतं?”

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. त्या क्षणी त्याला ते एकदा तरी बोलता यावं असं वाटलं, पण आलं नाही.

“नाही गं,” तो म्हणाला. “एकही नाही.”

देझिरे ढवळत राहिली. मग तिनं दोन वाडगे काढले, घाटा वाढला, आणि दोघं जेवायला बसली.